पैसा सरहद्दीवर, हिशेब रावळपिंडीत

२००२ ते २००७ या काळात अमेरिकेने पाकिस्तानला साडेदहा अब्ज डॉलरहून जास्त रक्कम दिली. त्यातले सुमारे पाच अब्ज ऐंशी कोटी डॉलर अफगाण सरहद्दीला लागून असलेल्या पठाण टोळ्यांच्या मुलखासाठी, म्हणजे तेव्हाच्या ‘फाटा’साठी आणि लगतच्या सरहद्दीसाठी होते. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने एप्रिल २००८ मध्ये या रकमेची फोड करून दाखवली. शंभरातले शहाण्णव डॉलर पाकिस्तानी लष्कराच्या मोहिमांची भरपाई म्हणून गेले, तीन सीमासुरक्षेवर, आणि शाळा, दवाखाने, रस्ते, रोजगार या सगळ्यांच्या वाट्याला मिळून उरला एक. एवढे होऊन निष्कर्ष काय, तर अतिरेक्यांचा तळ जागच्या जागी आहे आणि तो उखडण्याची सर्वंकष योजना वॉशिंग्टनमध्ये कोणाकडेच नाही.

हा आकडा वाचून कोणीही म्हणेल की प्रमाण चुकले, विकासावर जास्त खर्च करायला हवा होता. अमेरिकी सरकारलाही तेच वाटले आणि पुढे त्यांनी ते करूनही पाहिले, त्याकडे येतोच. पण मला हे निदान अर्धवट वाटते. शहाण्णवाचे पन्नास केले असते तरी तिथल्या माणसाच्या हाती फारसे काही लागले नसते, कारण आलेला पैसा कुठे गेला हे विचारण्याची सोयच त्याच्यापाशी नव्हती. त्याला कोर्ट नव्हते, पोलीस ठाणे नव्हते, राजकीय पक्ष नव्हता आणि पाकिस्तान झाल्यापासून जवळजवळ पन्नास वर्षे मतही नव्हते. मदतीने ही उणीव भरून निघाली नाही. उलट बाहेरचा पैसा येत राहिल्यामुळे ती तशीच चालू ठेवणे इस्लामाबादला परवडले, हा माझा मुख्य आक्षेप आहे.

बाजौर, मोहमंद, खैबर, ओरकझाई, कुर्रम, उत्तर आणि दक्षिण वझिरिस्तान अशा सात ‘एजन्सी’ आणि शेजारच्या जिल्ह्यांना चिकटलेल्या काही पट्ट्या मिळून फाटा होत असे. क्षेत्रफळ २७,२२० चौरस किलोमीटर. आपले गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्हे एकत्र केले तरी त्याहून थोडे कमीच भरतील. २०१७च्या जनगणनेत लोकसंख्या पन्नास लाखांच्या घरात होती. १९९८च्या जनगणनेत इथल्या बायकांतले साक्षरतेचे प्रमाण होते तीन टक्के.

या मुलखाचा कारभार चाले तो १९०१ साली, कर्झनच्या अमदानीत झालेल्या ‘फ्रंटियर क्राइम्स रेग्युलेशन’वर. पाकिस्तान झाले, एकामागून एक तीन राज्यघटना आल्या, चार लष्करशहा येऊन गेले, हा कायदा मात्र हलला नाही. एजन्सीचा पोलिटिकल एजंट हाच कलेक्टर, हाच न्यायाधीश आणि हाच तिजोरीचा धनी. चाळिसाव्या कलमाखाली चांगल्या वर्तणुकीचा जामीन दिला नाही एवढ्यावर तो कोणालाही तीन वर्षे तुरुंगात टाकू शके. त्याहून भयंकर होती सामूहिक जबाबदारीची कलमे. एकाने गुन्हा करायचा, तो सापडला नाही तर त्याच्या टोळीची दुकाने सील करायची, ट्रक अडकवून ठेवायचे, भाऊबंद उचलायचे, प्रसंगी घरे पाडायची. दाद मागावी तर घटनेच्या २४७व्या कलमाने उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांची दारे बंद केलेली. १९९७च्या निवडणुकीपर्यंत मत फक्त सरकारमान्य मलिकांना, म्हणजे टोळीप्रमुखांना, आणि राजकीय पक्षांना तिथे काम करायची परवानगी मिळाली २०११ मध्ये.

आपल्याकडे सगळे आलबेल होते असे नाही. बस्तरमध्ये सलवा जुडूमच्या नावाखाली सरकारने आदिवासी पोरांच्या हाती बंदुका दिल्याच. पण त्याविरुद्ध लोक दिल्लीला गेले, आणि जुलै २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो प्रकार घटनाबाह्य ठरवला. निकालाची अंमलबजावणी कशी झाली हा निराळा आणि कडू विषय आहे. तरी जायला जागा होती. जवळपास त्याच वर्षांत बाजौर आणि ओरकझाईत पाकिस्तानी सरकार टोळ्यांना तालिबानविरुद्ध ‘लष्कर’, म्हणजे टोळीवाल्यांच्या सशस्त्र तुकड्या, उभारायला लावत होते. ऑक्टोबर २००८ मध्ये ओरकझाईत अलीखेल टोळीची जिरगा, म्हणजे वडीलधाऱ्यांची पंचायत, यासाठीच बसली होती. तिच्यावर स्फोटकांनी भरलेली गाडी आली आणि डझनावारी माणसे जागीच गेली. आम्हाला पुढे केले आणि पाठीशी कोणी उभे राहिले नाही, ही फिर्याद त्यांच्या घरच्यांनी कोणत्या कोर्टात न्यायची होती?

इंग्रजांनी या डोंगरांत दोन गोष्टी केल्या. ठाणी बसवली आणि तनखे वाटले. खिंडीतला रस्ता सुरक्षित ठेवायचा, वाटमाऱ्या होऊ द्यायच्या नाहीत, आणि त्याबदल्यात टोळीला वर्षाकाठी ठरावीक रक्कम. तिला ‘मवाजिब’ म्हणत. पोलिटिकल एजंट ती मलिकांमार्फत वाटी. पहाऱ्यावरचा खासादार स्वतःची रायफल घेऊन येई आणि सरकारकडून पगार घेई. काम स्वस्तात होत होते. पण यातली मेख प्रत्येक मलिकाला ठाऊक होती. रस्ता कायमचा सुरक्षित झाला तर तनखा कशाचा मिळणार? तेव्हा अधूनमधून थोडी खडखड झालेली बरीच.

२००१ नंतर वॉशिंग्टनने रावळपिंडीशी, म्हणजे तिथल्या पाकिस्तानी लष्कराच्या मुख्यालयाशी, जो व्यवहार केला तो याच जातीचा होता, फक्त यावेळी मलिकाच्या जागी एका अण्वस्त्रधारी देशाचे लष्कर होते. ‘कोअलिशन सपोर्ट फंड’ नावाच्या खात्यातून ही भरपाई होई. लष्कराने मोहीम करायची, बिल पाठवायचे, अमेरिकेने फेडायचे. २००२ ते २०१७ या काळात पाकिस्तानला मिळालेल्या सुमारे तेहतीस अब्ज डॉलरपैकी साडेचौदा अब्ज या एका खात्यातून गेले. त्याच लेखापरीक्षण कार्यालयाने जून २००८ मध्ये ही बिले उघडली तेव्हा त्यांत हवाई संरक्षणाच्या रडारसाठी वीस कोटींहून अधिक डॉलर निघाले. तालिबानकडे विमान नव्हते, अल कायदाकडेही नव्हते. रस्त्यांसाठी तीन कोटी आणि बंकरांसाठी दीड कोटी डॉलर फेडले होते, पण ते रस्ते आणि बंकर बांधले गेल्याचा पुरावा कोणी पाहिलेला नव्हता. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या गटाराचे बिलसुद्धा मोजमाप पुस्तिकेशिवाय निघत नाही. निदान निघू नये असा नियम आहे.

लष्कराने पैशासाठी युद्ध रेंगाळवले असे मला म्हणायचे नाही. या डोंगरांत हजारो पाकिस्तानी जवान मेले आहेत. ऑगस्ट २००७ मध्ये दक्षिण वझिरिस्तानात दोनशेहून जास्त जवानांचा ताफा तालिबानी म्होरक्या बैतुल्ला महसूदच्या माणसांनी जसाच्या तसा ताब्यात घेतला, आणि दोन महिन्यांनी कैद्यांच्या बदल्यात ते सुटले. हे सैन्य मजेत नव्हते. पण खर्चाची भरपाई हीच मदतीची रीत ठरली की मोजले जाते ते किती दारूगोळा उडाला आणि किती चौक्या उभ्या राहिल्या. वानाच्या बाजारात संध्याकाळी दुकान उघडे ठेवता येते का, हे मोजायची कोणाला गरज उरत नाही.

त्यात करार आले. २४ एप्रिल २००४ रोजी दक्षिण वझिरिस्तानातल्या शकाई इथे पेशावरच्या कोअर कमांडरने नेक मोहम्मद या सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या तालिबानी म्होरक्याशी जाहीर समझोता केला. हारतुरे झाले, गळाभेट झाली. जूनमध्ये अमेरिकी ड्रोनने नेक मोहम्मदला टिपले. पाकिस्तानच्या भूमीवरचा हा पहिला ड्रोनहल्ला, आणि पाकिस्तानी लष्कराने तो आपणच केल्याचे सांगितले. फेब्रुवारी २००५ मध्ये सराराघा इथे बैतुल्ला महसूदशी करार, सप्टेंबर २००६ मध्ये उत्तर वझिरिस्तानात मिरानशाहचा करार. डिसेंबर २००७ मध्ये हाच बैतुल्ला ‘तहरीक-ए-तालिबान पाकिस्तान’चा प्रमुख झाला. या करारांनी टोळीतल्या साध्या माणसाला एक गोष्ट स्वच्छ कळली: सरकार आता मलिकांशी बोलत नाही, मलिकांना मारणाऱ्यांशी बोलते. त्या वर्षांत शेकडो मलिक मारले गेले. जुन्या व्यवस्थेत हजार दोष होते, पण ती मोडताना तिच्या जागी ठाणे आले नाही की न्यायाधीश आला नाही.

जिरगा उरली होती. १७ मार्च २०११ रोजी उत्तर वझिरिस्तानात दत्ताखेल इथे क्रोमाइटच्या खाणीचा तंटा सोडवायला अशीच एक जिरगा भरली. वडीलधारी माणसे होती, सरकारी पगारावरचे खासादारही होते. त्यांच्यावर ड्रोनमधून क्षेपणास्त्रे सुटली आणि सुमारे चाळीस माणसे मेली. अमेरिकी अधिकाऱ्यांनी ही अतिरेक्यांची बैठक असल्याचा दावा केला, पाकिस्तानच्या लष्करप्रमुखांनी जाहीर निषेध केला. कोर्ट नसलेल्या मुलखात न्यायनिवाडा करायला बसलेली माणसे गेली, आणि त्यांच्या मृत्यूचा निवाडा करायलाही कोर्ट नव्हते. त्याआधीच्या, २०१० सालात अशा हल्ल्यांनी शंभरी ओलांडली होती. ड्रोनचे समर्थक सांगतात की बैतुल्लासारखी माणसे यातूनच संपली, आणि ते खरे आहे. ऑगस्ट २००९ मध्ये तो मेला तेव्हा वझिरिस्तानात हळहळणारे फार नसतील. पण दत्ताखेलच्या विधवेने अर्ज कोणाला करायचा, याचे उत्तर इस्लामाबादकडेही नव्हते आणि वॉशिंग्टनकडेही.

मदत आणि सुरक्षा यांची सरमिसळ झाली की काय होते याचे सगळ्यात ठसठशीत उदाहरण म्हणजे डॉ. शकील आफ्रिदींचे प्रकरण. हे खैबर एजन्सीतले सरकारी डॉक्टर. ओसामा बिन लादेनच्या शोधात सीआयएने त्यांच्यामार्फत अबोटाबादमध्ये कावीळ-ब प्रतिबंधक लसीकरणाची मोहीम काढली. लसीच्या निमित्ताने त्या घरात शिरून नमुने मिळवायचे होते. मे २०११ मध्ये ओसामा मारला गेला, डॉक्टर पकडले गेले आणि लसीकरणाची बातमी फुटली. जून २०१२ मध्ये उत्तर वझिरिस्तानातला तालिबानी सरदार हाफिज गुल बहादूर याने फतवा काढला की ड्रोनहल्ले थांबेपर्यंत पोलिओचा एक थेंबही इथे पाजू देणार नाही. पोलिओच्या स्वयंसेविकांना गोळ्या घालणे सुरू झाले. २०१४ मध्ये पाकिस्तानात पोलिओचे ३०६ रुग्ण नोंदले गेले आणि त्यातले निम्म्याहून जास्त एकट्या फाटातले होते. लस वर्षानुवर्षे परदेशी मदतीतूनच येत होती. एका हाताने दिलेली दुसऱ्या हाताने नासवली. मे २०१४ मध्ये व्हाइट हाउसने यापुढे सीआयए लसीकरणाचा वापर करणार नाही अशी हमी दिली, तोवर व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते.

पण मला या प्रकरणाचा उत्तरार्ध जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि त्याबद्दल फारसे बोलले जात नाही. घटना घडली अबोटाबादला, जिथे नेहमीची कोर्टे आहेत, वकील आहेत, वार्ताहर आहेत. डॉक्टरांवर खटला मात्र चालला खैबर एजन्सीत, पोलिटिकल एजंटाच्या कचेरीत, त्या १९०१च्या कायद्याखाली. वकील मिळाला नाही. आरोप सीआयएला मदत केल्याचा ठेवलाच नाही. मंगल बागच्या लष्कर-ए-इस्लाम या खैबरमधल्या अतिरेकी टोळीला पैशाची मदत केल्याचा ठेवला. घरच्यांचे म्हणणे असे की ती रक्कम म्हणजे याच टोळीने डॉक्टरांना पळवले तेव्हा दिलेली खंडणी होती. मे २०१२ मध्ये शिक्षा झाली तेहतीस वर्षांची. अमेरिकी सिनेटची समिती खवळली आणि तिने एकमताने पाकिस्तानच्या मदतीतून तीन कोटी तीस लाख डॉलर कापले. शिक्षेच्या प्रत्येक वर्षामागे दहा लाख, असा हिशेब.

तो कायदा तेव्हा एकशे अकरा वर्षांचा होता. तोपर्यंत त्याखाली किती पठाण असेच वकिलाविना आत गेले असतील! अमेरिकेची विकास संस्था त्याच काळात फाटाच्या सचिवालयाची ‘क्षमता वाढवण्यासाठी’ पैसे देत होती, म्हणजे ज्या यंत्रणेच्या हाती हा कायदा होता तिलाच संगणक आणि प्रशिक्षण पुरवत होती. त्यासाठी एक डॉलर कधी कापला गेला नाही. आपल्या माणसावर बेतले तेव्हा मात्र दर ठरला.

विकासाचा पैसा आला तोही याच वाटेने गेला. २००७ मध्ये अमेरिकेने फाटाच्या विकासासाठी पाच वर्षांत पंचाहत्तर कोटी डॉलर देऊ केले. काही कामे खरोखर झाली. टांक ते मकीन आणि गोमलमार्गे वाना असे रस्ते झाले, आणि चांगले झाले असे जाणारे-येणारे सांगतात. ते बांधले लष्कराच्याच ‘फ्रंटियर वर्क्स ऑर्गनायझेशन’ने. दक्षिण वझिरिस्तानातले गोमल झाम धरण अमेरिकी पैशाने पुरे झाले आणि २०१३ मध्ये सुरू झाले. त्यावर २००४ मध्ये काम करणारे दोन चिनी अभियंते पळवले गेले होते, त्यातला एक सुटकेच्या प्रयत्नात मेला. धरण वझिरिस्तानच्या डोंगरात; कालवे मात्र टांक आणि डेरा इस्माईल खानच्या सपाटीवर. कोयनेच्या धरणग्रस्तांना यात नवीन काही वाटणार नाही. पाणी उताराकडेच जाणार हे मान्य, पण डोंगरातल्याला मोबदल्यात काय मिळाले हे विचारायला आमदार लागतो, आणि वझिरिस्तानला तेव्हा प्रांतिक विधानसभेत एकही जागा नव्हती. तिसरी कल्पना खरे तर सगळ्यात शहाणपणाची होती: या पट्ट्यात कारखाने काढायचे आणि तिथला माल अमेरिकेत जकातीशिवाय घ्यायचा. बुश यांनी २००६ मध्ये ती जाहीर केली. अमेरिकी संसदेत ती कधी मंजूर झाली नाही. तिथल्या कापडगिरण्यांना पाकिस्तानी कापडाची धास्ती होती. तोफांना विरोध करणारी गिरणी नसते.

२००९ मध्ये केरी-लुगर-बर्मन कायदा आला, वर्षाला दीड अब्ज याप्रमाणे पाच वर्षे बिगरलष्करी मदत. त्यात लष्करी मदतीसाठी एक अट होती की लष्करावर मुलकी सरकारचे नियंत्रण किती आहे हे अमेरिकी परराष्ट्रमंत्र्यांनी वेळोवेळी कळवावे. कोअर कमांडरांच्या बैठकीने यावर ‘गंभीर चिंता’ असल्याचे जाहीर पत्रक काढले, टीव्हीवर सार्वभौमत्वाचा गजर सुरू झाला. भरपाईची बिले चालू असताना सार्वभौमत्वाला कधी बाधा आली नव्हती; ती आली पैशाबरोबर प्रश्न आला तेव्हा. अटी घालण्याची पद्धत सावकारी आहे असे मानणाऱ्यांशी मी एरवी सहमत असतो. इथे मात्र ही अट पाकिस्तानी मतदाराच्या हिताची होती, आणि तिच्यावर हाकाटी झाली ती त्या मतदाराच्याच नावाने.

आता दुसऱ्या बाजूचे जोरकस म्हणणे घेऊ. आधी शांतता, मग शाळा; बंदुकीच्या धाकात कोर्ट कसे उघडणार? फेब्रुवारी २०१०ची घटना ते दाखवतात. लोअर दीरमध्ये मुलींच्या एका नव्याने बांधलेल्या शाळेचे उद्घाटन होते. फ्रंटियर कोअर या सरहद्दीवरच्या निमलष्करी दलाला प्रशिक्षण देणारे अमेरिकी सैनिक त्यासाठी निघाले असताना ताफ्यावर बॉम्बहल्ला झाला. तीन अमेरिकी सैनिक गेले, आणि शाळकरी मुलीही गेल्या. अशा ठिकाणी आधी सुरक्षाच हवी, हे म्हणणे मी उडवून लावत नाही. जून २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘जर्ब-ए-अज्ब’ मोहिमेनंतर आणि त्या डिसेंबरात पेशावरच्या आर्मी पब्लिक स्कूलमधल्या हत्याकांडानंतर लष्कराने खरोखर जोर लावला. पुढच्या चार-पाच वर्षांत पाकिस्तानातला हिंसाचार झपाट्याने खाली आला. हे यश आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही.

त्याची किंमत मात्र वझिरिस्तानने दिली. सुमारे दहा लाख माणसे घरदार सोडून बन्नूत आणि काही तर सीमा ओलांडून अफगाणिस्तानच्या खोस्तमध्ये गेली. जूनचा उन्हाळा, रमजान तोंडावर, डोंगरातली माणसे सपाटीच्या उकाड्यात. वर्षा-दोन वर्षांनी परतली तेव्हा मिरानशाहचा आणि मीर अलीचा बाजार जमीनदोस्त झालेला होता. पूर्ण पडलेल्या घराला चार लाख पाकिस्तानी रुपये, अर्धवट पडलेल्याला एक लाख साठ हजार, असा भरपाईचा दर ठरला. पंचनामा लष्कर आणि प्रशासन मिळून करणार, छप्पर उडाले आणि भिंती उभ्या राहिल्या तर घर ‘अर्धवट’. दुकानदारांनी वर्षानुवर्षे धरणी धरली. शांतता आली ती अशी, नाक्यानाक्यावर ओळखपत्र दाखवत आणि शेतात पेरलेल्या सुरुंगांना चुकवत.

‘आधी शांतता’ म्हणणारे एक विसरतात. २०१४ नंतर शांतता आली होती. मग ‘नंतर’चे काय झाले?

मे २०१८ मध्ये पंचविसाव्या घटनादुरुस्तीने फाटा खैबर पख्तुनख्वा प्रांतात विलीन झाला आणि जुना कायदा गेला. याचे श्रेय कोणत्याही परदेशी दात्याचे नाही. फाटातले वकील, विद्यार्थी, खासदार वर्षानुवर्षे भांडत होते. त्याच जानेवारीत नकीबुल्ला महसूद हा वझिरिस्तानचा तरुण कराचीत पोलिसांच्या बनावट चकमकीत मारला गेला आणि मंजूर पश्तीनच्या नेतृत्वाखाली पश्तून तहफ्फुज मूव्हमेंट ही पठाणांच्या हक्करक्षणाची चळवळ उभी राहिली. त्यांच्या मागण्या कोणत्या होत्या पाहा: सुरुंग काढा, नाक्यांवरचा अपमान थांबवा, बेपत्ता माणसांना कोर्टापुढे उभे करा. जुलै २०१९ मध्ये या जिल्ह्यांनी पहिल्यांदा प्रांतिक आमदार निवडले. खासादार आणि लेवी (टोळ्यांतून भरती केलेले दुसरे पहारेकरी दल) मिळून सुमारे अठ्ठावीस हजार माणसे पोलिसांत घेतली गेली.

कागदावर सगळे बरोबर होते, पण पैसा आला नाही. दहा वर्षे दरसाल शंभर अब्ज रुपये आणि राष्ट्रीय महसुलातला तीन टक्के वाटा असे वचन होते. बाकीच्या प्रांतांनी आपला वाटा सोडायला नकार दिला. वझिरिस्तानची कोर्टे सुरुवातीला टांक आणि बन्नूत भरत, म्हणजे पक्षकाराने नाके ओलांडून शेजारच्या जिल्ह्यात जायचे. रातोरात पोलीस झालेल्या खासादाराला ना तपासाचे शिक्षण ना धड इमारत. तेहतीस अब्ज डॉलर ज्या देशाने पंधरा वर्षांत घेतले त्याला या ठाण्यांपुरते पैसे जमले नाहीत. पश्तीनच्या चळवळीतला दक्षिण वझिरिस्तानचा खासदार अली वझीर एका भाषणापायी दोन वर्षांहून जास्त काळ तुरुंगात राहिला. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर चळवळीवरच बंदी आली.

मग ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडले आणि पाकिस्तानी तालिबान पुन्हा या डोंगरांत उतरू लागले. अफगाण सैन्याला दिलेली सात अब्ज डॉलरची अमेरिकी सामग्री मागे राहिली होती. त्यातल्या रायफली आणि अंधारात पाहायच्या दुर्बिणी आता पाकिस्तानी पोलिसांवर रोखल्या जात आहेत. तीस जानेवारी २०२३ रोजी पेशावरच्या पोलीस वसाहतीतल्या मशिदीत स्फोट झाला, ऐंशीहून जास्त माणसे गेली, बहुतेक सगळे पोलीस. दोन दिवसांनी पोलीसच रस्त्यावर उतरून सरकारविरुद्ध घोषणा देत होते.

आपल्याकडे हे सगळे वाचून ‘करावे तसे भरावे’ म्हणण्याची पद्धत आहे. ऑक्टोबर १९४७ मध्ये काश्मिरात घुसलेल्या टोळीवाल्यांत महसूद होते, वझिरी होते, आफ्रिदी होते, हे खरे आहे. जिहादचा कारखाना रावळपिंडीने काढला हेही खरे. पण ज्यांनी केले आणि ज्यांना भरावे लागले ते एक नव्हेत. केले सेनापतींनी, भरले मिरानशाहच्या दुकानदाराने. अटकेपार झेंडे लावल्याचा अभिमान आपण अजून मिरवतो. अटकेच्या पलीकडे पेशावर आणि पेशावरपलीकडे जे डोंगर सुरू होतात तिथल्या माणसाला आपल्या सरकारविरुद्ध कोर्टात जाण्याचा हक्क २०१८ मध्ये मिळाला, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

आता पुढचा पैसा दाराशी आहे. यावेळी तो दहशतवादाच्या नावाने येत नाही, खनिजांच्या नावाने येतो आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये एका अमेरिकी कंपनीने पाकिस्तानातल्या खनिजांसाठी पन्नास कोटी डॉलरचा सामंजस्य करार केला, आणि पाकिस्तानच्या बाजूने सही करणारी संस्था होती तीच फ्रंटियर वर्क्स ऑर्गनायझेशन. उत्तर वझिरिस्तानातली मोहम्मदखेलची तांब्याची खाण हीच संस्था चालवते. माझ्या हातात असते तर या कराराच्या पहिल्याच पानावर मी तीन कलमे घातली असती. खाणीचा हिशेब दरसाल पश्तो आणि उर्दूत मिरानशाहमध्ये प्रसिद्ध करायचा. त्यावर प्रांतिक विधानसभेत प्रश्न विचारता आला पाहिजे. आणि तंटा झाला तर तो मिरानशाहच्याच दिवाणी कोर्टात चालेल, बन्नूच्या छावणीत नाही. ही कलमे मान्य नसतील तर सहीही नको. कंपनीचे भागधारक यावर काय म्हणतील याचा मला अंदाज आहे, आणि रावळपिंडी काय म्हणेल याचाही.